बुरैद्याला गेलेली अर्धी कादंबरी

ईद झाली, डब्यातल्या शेवया संपल्या, की हाशम होडेकर उन्हाळ्याच्या कादंबऱ्या ठरवायला लागतो.

आखातातल्या रास तनुराच्या रिफायनरीत तो परांच्या बांधणाऱ्या टोळीचा फोरमन आहे. ज्या टाकीचं किंवा चिमणीचं काम निघेल तिच्याभोवती त्याची माणसं लोखंडी पाइपांचा पिंजरा उभा करतात. त्यावर चढून रंगारी रंगवतात, वेल्डर जोडतात. काम झालं की हाशमची माणसं पिंजरा सोडवतात आणि पाइप ट्रकमध्ये घालून पुढच्या टाकीकडे जातात. मागे काही उरत नाही. इतक्या वर्षांत त्यानं इथं जे जे बांधलं ते सगळं स्वतःच सोडवलं आहे. याचं त्याला दुःख नाही. पाइप मोजून परत मिळाले की तो खूश असतो.

उन्हाळ्यात इथं दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. जून अर्धा सरला की सप्टेंबर अर्धा होईपर्यंत. सूर्य डोक्यावर आला की टोळी रेस्ट शेडमध्ये शिरते. आत एसी घरघरत असतो. माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आडवी होतात, तोंडावर रुमाल टाकतात, आणि थोड्याच वेळात शेडमध्ये नुसते श्वास उरतात. बाहेर उन्हात लोखंड तापून बारीक कुरकुरत असतं. हाशम पाण्याच्या कूलरला पाठ टेकतो, चष्मा लावतो आणि कादंबरी उघडतो. तीन वाजता भोंगा होईपर्यंत तो रास तनुरात नसतो.

या दुपारांसाठी त्याची यादी असते. यादीचे नियम त्याचे स्वतःचे. पहिली कादंबरी थंड मुलखातली हवी, म्हणजे उन्हाळा सुरू होताना अंगावर शाल आल्यासारखी वाटते. ऐन जुलैत नदी हवी. नदी नसेल तर निदान विहीर, आणि तिला पाणी हवं. वाळवंट नको, समुद्र नको. दोन्ही खिडकीतून दिसतात. आणि सगळ्यात मोठा नियम वजनाचा.

कारण पुस्तकं येतात ती दुसऱ्यांच्या बॅगांतून. आमच्याकडच्या माणसांत हा रिवाज आहे. जो सुट्टीवर गावी जातो तो येताना विमानात नेता येणाऱ्या आपल्या तीस किलोतला थोडा भाग इतरांसाठी मोकळा ठेवतो. कुणाचं मधुमेहाचं औषध, कुणाची आमसुलं, कुणाच्या आईनं दिलेले सोडे. बंद पुडकं कुणी घेत नाही. सगळं उघडं, सुतळीनं बांधलेलं, घेणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. हाशमच्या कादंबऱ्या अशा सोड्यांच्या शेजारी बसून येतात. त्यामुळे त्याच्याकडच्या प्रत्येक प्रेमकथेला सुक्या कोलंबीचा वास आहे.

"हिमालयातली काय रे ही?" त्याच्या खोलीतला कादिर एकदा पुस्तक नाकाशी धरून म्हणाला होता. "माझ्या श्रीवर्धनच्या बंदरावरची वाटते."

कादिर रिगर आहे, क्रेनखाली उभा राहून हातानं खुणा करणारा. शेजारच्या रहिमा गावातल्या कामगारांच्या कॅम्पात ते दोघं एका खोलीत इतकी वर्षं आहेत की एकमेकांच्या खोकल्यावरून तब्येत ओळखतात. कादिर वाचत नाही. पण हाशमनं वाचलेलं त्याला रात्रीच्या जेवणाबरोबर सांगावं लागतं, नाहीतर तो रुसतो.

पुस्तकं निवडून पाठवते ती ताजुन्निसा, हाशमची बायको. दाभोळच्या खाडीकाठी त्यांचं घर. ती गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. चिपळूणला गेली की पुस्तकांच्या दुकानात एक फेरी, रद्दीवाल्याकडे एक फेरी. घरी येऊन आधी स्वतः वाचते, मग मासळीच्या तराजूत ठेवून वजन करते, मग कुणाच्या बॅगेत किती जागा आहे ते विचारत हिंडते. आणि दर शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, दोघं फोनवर त्या कादंबरीबद्दल बोलतात.

हे बोलणं नीट समजून घेतलं पाहिजे. लग्नाला पस्तीसेक वर्षं झाली. सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर त्यांचा एकत्र संसार चारेक वर्षांचा होईल. त्यातही सुट्टीतले दिवस म्हणजे पहिला आठवडा पाहुण्यांचा, मग कौलं, मग कुणाचं तरी लग्न, मग बॅग भरणं. साधा दिवस, ज्या दिवशी काहीच नाही, असा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. फोनवरही तसंच. तब्येत, माड, लेक अरवाचं बाळ, तिच्या सासरची खबरबात. हे पाच-सात मिनिटांत संपतं. मग दोन्हीकडून श्वास ऐकू येतो. मग ताजुन्निसा विचारते, "तो मास्तर भेटला काय तिला?" आणि हाशम सरसावून बसतो.

यंदा कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. साठी झाली. आणखी एक कंत्राट करायचं असेल तर करू, फोरमन चांगला आहे. नाहीतर सप्टेंबरमध्ये फायनल एक्झिट. ऑगस्ट संपायच्या आत सांग. फायनल एक्झिट म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपवून, सगळं आवरून, परत न येण्यासाठी जायचं. इथं माणसं या दिवसाची वाट पाहतात आणि आला की पुढच्या कंत्राटाची चौकशी करतात.

"सांगून टाक ना एक्झिट म्हणून," कादिर म्हणाला. "घर हाय, माड हाय, बायको हाय. आणखी काय हवंय?"

"बघू."

"काय बघू? गुडघे बघ स्वतःचे."

 हाशमला जे वाटत होतं ते कादिरला सांगण्यासारखं नव्हतं. त्याला भीती वाटत होती त्या साध्या दिवसाची. सकाळी चहा झाला, पाहुणे नाहीत, कौलं शाबूत आहेत, आणि समोर ताजुन्निसा बसली आहे. मग? फोनवर गप्प झालं तर लाइन खराब आहे म्हणता येतं. पडवीत काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी काय म्हणणार? त्यानं आपल्या आयुष्यात खूप उंचावर उभं राहून काम केलं होतं, पण या विचारानं त्याला पहिल्यांदा चक्कर आल्यासारखं झालं.

निदान तोवर फोनवरचा विषय सरू नये म्हणून यंदाच्या यादीत त्यानं एकच पुस्तक मागितलं. "एकच पाठव, पण जाडी. सप्टेंबरपर्यंत पुरेल अशी."

"नदी?" ताजुन्निसानं विचारलं.

"असली तर बरी."

तिनं शोधली. सहाशेच्या वर पानं, नदी होती. पण मे महिना होता. मे महिन्यात येणाऱ्या माणसाच्या बॅगेत हापूस असतो, आणि हापूसपुढे कादंबरी कोण घेतो? दोनच माणसांनी जागा दिली. शेजारच्या वाडीतला हाशिर आणि मोहल्ल्यातला इमाद. दोघांचीही जागा पाऊण किलोपेक्षा कमी. कादंबरी एक किलोच्या पुढे.

ताजुन्निसानं पुस्तकाच्या कण्यावर सुरी फिरवली. जी बाई पानाचा कोपरा दुमडला तर भांडते, तिनं. बरोबर मध्यावर, एक प्रकरण संपलं तिथं. पहिला अर्धा हाशिरला दिला, दुसरा इमादला, आणि दोघांना बजावलं, "एक हरवलं तर दुसऱ्याचा काय उपयोग नाय, लक्षात ठेवा."

हाशिर आला, पहिला अर्धा पोचवून गेला. इमाद दम्मामला उतरला तो त्याच्या कंपनीची गाडी विमानतळाबाहेर उभी. इमाद इलेक्ट्रिशियन. बुरैद्याच्या खजूर पॅकिंग प्लँटमध्ये तातडीचं काम निघालं होतं. यल्ला यल्ला करत ड्रायव्हरनं त्याला बॅगेसकट उचललं आणि रातोरात लांब आतल्या कासीम भागाच्या रस्त्याला लावलं. आंबे, सोडे, कुणाच्या तरी सासऱ्याचा चष्मा आणि अर्धी कादंबरी, सगळं बुरैद्याला गेलं.

"चाचा, माफ करा," त्यानं फोनवर सांगितलं. "कुणी तिकडं येणारा भेटला की पाठवतो."

"जपून ठेव. ओलं लागू देऊ नको."

"इथं ओलं कुठून लागणार, चाचा? इथं घाम पण वाळून जातो."

जूनच्या मध्याला शेडच्या दुपारी सुरू झाल्या. हाशमनं पहिला अर्धा उघडला. दामू नावाचा माणूस आहे. नदीकाठच्या गावात राहतो, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या दुरुस्त करतो. एकदा गावात तंबूतला सिनेमा येतो, त्यांचा जनरेटर बंद पडतो, दामू तो चालू करून देतो आणि एका हंगामापुरता त्यांच्याबरोबर जातो. बायको वत्सला म्हणते, जा, पोळ्याला ये. तो पोळ्याला येत नाही. पुढच्याही नाही. पैसे येतात, पत्र येतं, दामू येत नाही. जत्रांमागून जत्रा. वत्सला भाजीपाला लावते, मुलीचं लग्न करते, नदीला पूर येतो आणि ओसरतो. आणि पहिल्या अर्ध्याच्या शेवटच्या पानावर, केस पिकलेला दामू ट्रंक घेऊन अंगणात उभा राहतो. वत्सला सुपात तूर पाखडत असते. ती मान वर करते.

तिथं सुरी फिरली होती. त्या पानाच्या मागे नुसते दोरे लोंबत होते.

हाशमनं ते पान त्या दुपारी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. भोंगा झाला तेव्हा त्याला ऐकू आला नाही. टोळीतल्या एकानं खांदा हलवला, "चाचा, उठो." तो उठला, हेल्मेट घातलं आणि उन्हात गेला. त्या दिवशी त्यानं एकाच परांचीचे पाइप दोनदा मोजले आणि स्वतःच हसला.

शुक्रवारी त्यानं ताजुन्निसाला विचारलं, "पुढं काय होतं ते सांग की."

"काय बाई घाई. वाचा की."

"वाचू कुठून? अर्धं बुरैद्यात हाय."

"मग थांबा."

"नुसतं इतकंच सांग, ती काय म्हणते त्याला?"

 ती म्हणाली, "दूधवाला आलाय," आणि फोन ठेवला. दुपारी दूधवाला येत नाही हे हाशमला ठाऊक होतं.

जुलैच्या शेवटी फोन आला तो इमादचा. बुरैद्यात त्याच्या खोलीत एक नेपाळी, एक केरळी. बोलायला कुणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून डोळे दुखायला लागले. शेवटी त्यानं ती अर्धी कादंबरी उघडली होती. शाळा सुटल्यावर हातात घेतलेलं पहिलं पुस्तक, आणि तेही मधूनच.

"चाचा, हा दामू कोण?"

हाशम खाटेवर उठून बसला आणि फोन स्पीकरवर टाकला. "तू वाचतोयस?"

"काय करू मग? पण कायच कळत नाय. हा म्हातारा कुठून आलाय? ह्या बाईचा कोण लागतो? सगळं गाव ह्याच्याकडं असं काय बघतं?"

"अरे, तिचा नवरा तो!"

"नवरा? मग ती त्याला पाहुण्याचं ताट का वाढते?"

हाशमनं फोनवरच हात वर केला. "थांब. पुढचं सांगू नको. मी तुला मागचं सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. बत्तीपासून, जनरेटरपासून, पोळ्यापासून. कादिर समोरच्या खाटेवर हात डोक्याखाली घेऊन ऐकत होता, त्यानं हे सगळं जेवताना ऐकलं होतं, तरी मध्ये मध्ये म्हणाला, "पुराचं राहिलं, पुराचं सांग." पूर सांगून झाला. इमाद बराच वेळ हं हं करत राहिला. मग म्हणाला, "चाचा, तुमी लय भारी सांगता. आता मला त्या म्हाताऱ्याचा राग येतोय."

"राग कसला? पैसे पाठवायचा तो."

"माझा बाप पण पाठवायचा," इमाद म्हणाला. "कुवेतला होता."

 शेवटी हाशमनं न राहवून विचारलं, "इतकंच सांग. घरात घेते काय त्याला?"

"घेते की."

"हां."

"पण बोलत नाय. मी जितकं वाचलंय तितक्यात तर नाय. तो बोलतो, ती काम करते."

"खलास," कादिर म्हणाला. "झाली एक्झिट."

त्या आठवड्यात हाशमनं कंपनीच्या ऑफिसातून आणखी एका कंत्राटाचा कागद आणला आणि उशीखाली ठेवला. सही केली नाही. कादिरनं तो पाहिला आणि उशी पुन्हा नीट करून ठेवली.

ऑगस्टात कासीमचा खजूर निघतो. बुरैद्याच्या बाजारात पहाटे गाड्यांच्या रांगा लागतात असं इमाद सांगत होता. त्याच्या प्लँटमधली एक गाडी दम्मामला येणार होती, तिच्यातून त्यानं सुक्करी खजुराचं एक खोकं आणि त्यावर सुतळीनं बांधलेला दुसरा अर्धा पाठवला. खजूर पिकून मऊ झाला होता, रस पाझरला होता. खालची दोन-तीन पानं चिकटली होती. सोड्यांचा वास आणि खजुराचा वास एकत्र झाला होता. वर इमादनं बॉलपेननं लिहिलं होतं, "चाचा, शेवट सांगणार नाही. पण फोन करा."

हाशमनं खजूर वाटला. दुसरा अर्धा उशाशी ठेवला. दुपारी शेडमध्ये नेला आणि मांडीवर तसाच ठेवून बसला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"उघड की," कादिर म्हणाला. "साप हाय काय आत?"

"उघडतो."

"दोन महिने तडफडत होतास. आता आलं तर नाटकं. अरे, गोष्ट हाय ती! ती बाई त्याच्याशी बोलली नाय, तर ताजूभाभी पण बोलणार नाय, असं कुठं लिहिलंय?"

हाशमनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की कादिर फक्त गोष्ट ऐकतो.

शुक्रवार आला. तब्येत झाली, माड झाले, अरवाच्या बाळाला दात आले ते झालं. मग श्वास ऐकू यायला लागला. हाशमनं ठरवून ठेवलं होतं तरी ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"आलं ते पुस्तक."

"वाचलंत?" तिनं लगेच विचारलं. इतक्या लगेच की त्याला जरा नवल वाटलं.

"नाय अजून. तू सांग ना. ती बोलते की नाय त्याच्याशी, शेवटपर्यंत? मला आधी कळू दे, मग वाचतो."

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "अवो, मी वाचलंच नाय पुढचं. माझं निम्मं झालं नि इमाद दारात उभा. संध्याकाळी मुंबईची गाडी त्याची. मग काय करणार? जिथपर्यंत वाचलं होतं तिथंच कापलं."

"आणि इतके दिवस मला सांगतेस, थांबा, वाचा..."

"मग काय सांगणार? न वाचता पाठवलं म्हणून? आजपर्यंत कधी असं झालंय? लाज वाटली मला. मी वाट बघत होते, तुमी वाचाल, मग मला सांगाल. तुमी उलट मलाच विचारत बसलात. तो वत्सलाचा जीव सुपाशी अडकलाय तेव्हापासून मला झोप नाय."

हाशम हसायला लागला. कादिरनं खुणेनं विचारलं काय झालं. त्यानं हात हलवला. हसता हसता त्याला जाणवलं की दोघंही दोन किनाऱ्यांवर त्याच एका अंगणात, त्याच मान वर केलेल्या बाईपाशी, इतके दिवस उभे होते.

"ताजू," तो म्हणाला, "कंपनी विचारते, आणखी एक कंत्राट करणार काय."

"सांगितलं होतंत तुमी."

"तू काय म्हणालीच नाहीस त्यावर."

"तुमी विचारलंत कुठं?"

"आता विचारतो."

 यावेळी दूधवाला आला नाही. "खरं सांगू?" ती म्हणाली. "मला भीती वाटते."

"कसली?"

"तुमी दिवसभर घरात. मला सवय नाय. अरवा सासरी गेल्यापासून मी एकटी. सकाळचं काम उरकलं की अकराच्या सुमाराला पडवीत पुस्तक घेऊन बसते, ते दुपारच्या अजानपर्यंत. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं मला खपत नाय. शेजारणी पण येत नाय तेव्हा. आणि तुमी आलात की चहा कर, हे कुठंय, ते कुठंय... आणि नुसते समोर बसून राहिलात तर मी काय बोलू तुमच्याशी रोज रोज?"

हाशमनं फोन दुसऱ्या कानाला लावला. खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत भर उन्हात जळत होती, दिवसा ती जवळजवळ दिसत नाही, तिच्यावरची हवा तेवढी थरथरते.

"पडवीत खुर्च्या किती हायत?" त्यानं विचारलं.

"बसायला एकच हाय. दुसऱ्या खुर्चीवर मी पापडाचे डबे ठेवते."

"ते डबे उचल."

"आणि बोलायचं नाय हां मधे. पान उलटताना थुंकी लावायची नाय."

"कूलरला टेकून वाचायची सवय हाय मला. भिंत चालेल."

"भिंतीला चुना हाय, सदरा खराब होईल. खुर्चीवरच बसा." मग जरा थांबून, "पण पुस्तक एकच. तुमी नि मी कसं वाचणार?"

हाशमनं उशाशी ठेवलेल्या दोन अर्ध्यांकडे पाहिलं. एकाचे दोरे लोंबत होते, दुसरं चिकट झालं होतं.

"दोन हायत की," तो म्हणाला. "तू पुढचं वाच. मी तोवर मागचं पुन्हा वाचतो. अर्ध्या दिवसानं बदलू."

"म्हणजे शेवट मला आधी कळणार?"

"तुलाच आधी कळू दे. सांगू नको फक्त."

"मी कशाला सांगते," ताजुन्निसा म्हणाली, आणि तिला हसू आल्याचं त्याला ऐकू आलं. "नि ते खजूर काय एवढ्यात संपवले काय सगळे? थोडे आणा."

फोन ठेवल्यावर हाशमनं उशीखालचा कंत्राटाचा कागद काढला, नीट चौकोनी घडी केली आणि दुसऱ्या अर्ध्याच्या चिकटलेल्या पानांच्या वर सरकवला, रस बाकीच्या पानांना लागू नये म्हणून. मग दोन्ही अर्धे हातात घेऊन अंदाज घेतला.

"कादिर, एक किलो दोनशे असेल ना हे?"

"तुला तीस किलो स्वतःचे हायत आता," कादिर म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कुणाकडं भीक मागायला नको." थोड्या वेळानं तसाच म्हणाला, "शेवट कळला की मला फोन कर. नि जेवताना कर, मला तशी सवय हाय."